गोडं पाणी

२ फेब्रुवारी

आले एकदाची! नवं गाव, नवं घर, आणि रस्त्याकडच्या खोलीत माझा स्वतःचा दातांचा दवाखाना. इतकी वर्षं दादाच्या दवाखान्यात त्याच्या हाताखाली काढली. निघताना म्हणाला, एकटीला झेपणार नाही, वर्षाच्या आत परत येशील. बघू या कोण येतं ते! मागच्या खोलीत सोफाबिफा ठेवणार नाही. तिथे भिंतभर फिश टँक, खाऱ्या पाण्याचा, जिवंत प्रवाळांचा. दादाकडे याचं नुसतं नाव काढलं तरी वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची.

९ फेब्रुवारी

टँक आला आणि दारातच अडकला. हमाल माझ्याकडे बघायला लागले, मी सुताराकडे. शेवटी चौकट तासली. घरमालकाला कळेल तेव्हा कळेल. मग शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवलं, खारटपणा मोजला, दगड रचले, पंप सुरू केला. इतक्यात त्यात काही सोडायचं नाही, पाणी मुरू द्यायचं. मी मात्र रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसते आणि खुळ्यासारखी हसते.

१४ मार्च

आज प्रवाळ लावले. टँकच्या दुकानवाल्या काकांनी दोनदोनदा बजावलं होतं: हातमोज्यांशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, आणि प्रत्येक नवा तुकडा आधी गोड्या पाण्यात बुचकळून काढायचा, म्हणजे त्याला चिकटून आलेलं नको ते गळून पडतं. दिवसभर हातमोजे घालून लोकांच्या तोंडात हात घालते मी. घरी तरी हात मोकळे नकोत? उघड्या हातांनीच एकेक तुकडा गोंदाने दगडावर चिकटवला. शेवटचा पांढराशुभ्र होता. तो कुठून आला हे काकांनाही आठवेना. तो बुचकळायचा मी कंटाळा केला. चिकटवताना उजव्या तर्जनीला जरासं कापलं. लाल, हिरवे, जांभळे, सगळे उजेडात डुलतायत. दादाला मुद्दाम फोटो पाठवला.

२० मार्च

जखम भरली, पण तिथे टणक पांढरी कड आली आहे. वाटलं, गोंद असेल. गोंद नाही. दातासारखं कडक आहे आणि दात मला ओळखता येतात. पेशंटच्या दातांवरचं कीटण काढते त्याच यंत्राने डाव्या हाताने खरवडून काढलं. डोळ्यांतून पाणी आलं. पण निघालं.

२५ मार्च

परत आलं, आणि वाढलं. त्याला बारीक छिद्रं आहेत. टँकचा दिवा लावला की त्यांतून केसांएवढे पांढरे तंतू बाहेर येतात आणि हलतात. टँकमधल्या त्या पांढऱ्याचेही त्याच वेळी. डॉक्टरांना दाखवलं. त्यांच्यासमोर मिटून बसलं लबाड! चामखीळ म्हणाले. नळाचं पाणी लागलं की झोंबतं, म्हणून हाताला पिशवी बांधून आंघोळ करते. भीती वाटते. दवाखान्याला कुलूप आहे. दादाने आवाजावरून ओळखलं, न्यायला येतो म्हणाला. सांगितलं, मी काय हरवलेलं सामान आहे?

२८ मार्च

मनगटापर्यंत. बोटं वळत नाहीत. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर बालवाडीतलं. तो पांढरा तुकडा उपटायला गेले तर उजवा हात आपणहून पाण्यात शिरला आणि — बाहेर येईना. पाय भिंतीला लावून ओढला. काढलाच! हा हात माझा आहे. याच्यावर माझं पोट आहे. देणार नाही.

२९ मार्च

काकांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, बुचकळला होता ना? कबूल केलं, कंटाळा केला. मग बादली भरली. गोडं पाणी. कोपरापर्यंत हात घातला. ओरडले. खूप ओरडले — पण गळतंय! तळाशी पांढरा खच. तर्जनी हलली! टँकचा दिवा बंद, पंप बंद. बस आता अंधारात.

३० मार्च

तहान. सकाळपासून पाणी उतरत नाही. एक घोट घेतला — घसा पेटला. ओकले. त्यात पांढरे कण.

म्हणजे आतही —

टँकसमोर उभी होते. कधी आले? ओंजळ भरली होती. प्यायले. खारं नाही लागलं. इतकं थंड, इतकं गोड — अजून एक —

नाही.

दादाला सांगितलं, न्यायला येऊ नकोस. आलासच तर हातमोजे घालून ये, आणि त्या टँकला हात लावू नकोस. तो रडायला लागला. फोन ठेवला.

आतल्या त्या पांढऱ्याला गोडं पाणी सोसत नाही. आता मलाही नाही. असू दे. घर माझं, अंग माझं. इथे कोण राहणार ते मी ठरवणार. पेला भरून घेतलाय. काठोकाठ.

पहिला घोट. आग. आग —

दुसरा. छातीत काहीतरी सुटतंय. धडपडतंय. घाबरलास ना?

अजून अर्धा पेला आहे. घे —