रालुकाच्या ड्रायव्हरला माझी मंजुरी

३ फेब्रुवारी, सोमवार. तांपेरे.
कर्नलसाठी, म्हणजे कॉम्प्युटर प्रणालीच्या गाभ्यासाठी, नवा ड्रायव्हर तपासणीला आला. पाठवणारी क्लुजची कुणी रालुका डोब्रेस्कू. पहिलंच काम दिसतंय. कोडच्या २१२ ओळी. संध्याकाळपर्यंत शब्दन् शब्द वाचणार.

४ फेब्रुवारी.
काल सौना, वाफेची खोली, तापवलेली होती. आज नक्की.

६ फेब्रुवारी.
बायकोने, काइसूने, जेवताना विचारलं, हा ड्रायव्हर करतो काय? सांगितलं: एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालतो. आतल्याच्या प्रत्येक प्रोसेसरने दर काही सेकंदांनी 'आहे' म्हणायचं. गप्प बसला तर अडकला असं समजून बाहेरचा आतल्याला रीस्टार्ट करतो. काइसू म्हणाली, तुझ्या आईला रोज फोन करतात तसंच की. म्हणजे मी करते. तू नाही.
वाचन राहिलं.

१० फेब्रुवारी.
चौदा ओळी वाचल्या. दोन ठिकाणी जास्तीची मोकळी जागा! मेलिंग लिस्टवर सर्वांसमक्ष कळवलं.

१८ फेब्रुवारी.
दुसरी आवृत्ती. मोकळ्या जागा गेल्या. शिकेल मुलगी. मात्र प्रोसेसर मुद्दाम बंद करताना त्याच्या 'आहे'ची मोजणी थांबवायची एक ओळ आहे. बंद पडलेल्याची कसली मोजणी? काढ म्हटलं.

१९ फेब्रुवारी.
रालुका लिहिते, सर, मग मुद्दाम बंद केलेलाही अडकलेलाच वाटेल ना? तुम्ही चालवून पाहिलंत का?
कळवलं: एकोणीस वर्षं हेच करतोय. नुसत्या नजरेने कळतं.

३ मार्च.
तिसरी आवृत्ती. ओळ गेली. मंजुरी दिली, खाली माझं नाव. दालचिनीचे दोन पाव खाल्ले.

११ मार्च.
चाचणीची मशीनं धडाधड रीस्टार्ट होतायत. वीज वाचवायला एक प्रोसेसर बंद केला की अख्खं मशीन आडवं. आमची प्रमुख लेम्पी म्हणाली, एस्को, ती ओळ कुणी काढायला लावली? म्हटलं, सखोल चौकशी व्हायला हवी. म्हणाली, चौकशी कसली डोंबलाची, लिस्टवर सगळं जग वाचतंय.

१२ मार्च.
रालुकाची दुरुस्ती आली. कारण दिलंय: 'ओळ माझ्या हातून सुटली.' माझं नाव कुठेच नाही. समंजस मुलगी.

दुपारी.
जेवण गेलं नाही. खरं काय ते लिस्टवर लिहायलाच हवं. पाच मिनिटांचं काम.

१४ मार्च, सकाळी.
सहावा मसुदा. पहिल्या पाचांत 'संवादातील त्रुटी' असं होतं. शेवटी लिहिलं: ओळ मी काढायला लावली. तिने विचारलं होतं, मी ऐकलं नाही. पाठवलं.
दहा मिनिटांत उत्तर. धन्यवाद सर. दुरुस्ती अजून कुणीच चालवून पाहिली नाहीये. तुम्ही पाहाल का?

दुपारी १.
चालवायचं कसं, तिलाच विचारलं. तिने सात पायऱ्या लिहून पाठवल्या. टोमणा एकही नाही.

३.४०.
चालवला. प्रोसेसर बंद केला, मशीन उभंच. मुद्दाम एक अडकवला, बिनचूक रीस्टार्ट झालं. तसं लिस्टवर कळवलं.
वेळ होता म्हणून तिची पहिली, ती ओळ असलेली आवृत्तीही चालवली.
तीही चालते.