दिवेलागणीच्या आत

मंगरूळपीर,
६ डिसेंबर १९४६

प्रिय विजा,

'चि. सौ. विजयमाला हिस अनेक आशीर्वाद' असं लिहायला हवं, हे मला कळतं गं. पण तसली पत्रं पोस्टाने जातात, आणि पोस्टाने गेलेलं पत्र आधी तुझे सासरे ओसरीवर बसून चार लोकांत मोठ्याने वाचतात. म्हणून हे पत्र सोनीबाईच्या हाती देते आहे. तांड्यावरच्या हेमसिंगची बायको ती. हंगामात तुमच्या गावी मुक्कामाने कापूस वेचायला जाते. वावरात तुला एकटीला गाठून देईल. वाच आणि चुलीत घाल. कोणी वाचणार नाही म्हणून मनातलं लिहिते आहे, आणि मनात तू चि. सौ. वगैरे कोणी नाहीस, माझी विजाच आहेस.

बातमी ऐक. तुझ्या बाबांनी मोटार केली! घेतली नाही, केली. कापसाच्या जिनातलं ते धूर ओकणारं इंजिन वीस वर्षं दुरुस्त करणाऱ्या तुझ्या बाबांनी, माझ्या अंगणात, माझ्या गोधडीवर, आठ सिलिंडरची मोटार उभी केली. तुला खरं वाटणार नाही. मला रोज सकाळी दार उघडल्यावर तिच्याकडे बघून पुन्हा खरं वाटून घ्यावं लागतं.

हे सुरू कशावरून झालं ते तुला माहीत असेल, नसेल. तुला माहेरी येऊन तीन वर्षं झाली. गेल्या वर्षीच्या दिवाळीला बाबा गाडी जुंपून तुला न्यायला आले, तेव्हा तू आत होतीस. ओसरीवरचं बोलणं तुला ऐकू आलं की नाही कोण जाणे. तुझे सासरे सगळ्या गावासमोर म्हणाले, "न्या ना! सकाळी न्या, अन् दिवे लागायच्या आत आनून सोडा. आमी काहून नाही म्हनू?" सगळे हसले. का नाही हसणार? पंचेचाळीस मैल वाट, मधे ते दोन नाले, बैलगाडीला जायलाच दोन दिवस. प्रवाशांची सर्व्हिस मोटार वाशीमच्या पुढे येत नाही, आणि त्या खडकाळ वाटेवर भाड्याची मोटार घालायला कोणी तयार होत नाही. तर तुझे बाबा काय म्हणाले असतील? "बरं." एवढंच! चार दिवस हाडं खिळखिळी करून घरी आले आणि मला सांगतात, मी बरं म्हणून आलो. मी इतकी भडकले, इतकी भडकले, की दोन दिवस त्यांच्या ताटात वाढलं पण त्यांच्याशी बोलले नाही. ते जेवता जेवता म्हणाले, "विजाची माय, ते बोलले ते साऱ्या गावासमोर बोलले. आता त्याहीले फिरता येत नाही." तेव्हा मला त्यात काही अर्थ दिसला नव्हता.

मग उन्हाळ्यात ते इंझोरीला गेले, दौलतसिंगांच्या मळ्यावरचं विहिरीचं इंजिन नीट करायला. तिथे गोठ्यात ती मोटार होती. सोळा वर्षांपूर्वीची. त्यांच्या ड्रायव्हरने पुरात नाल्यात घातली होती आणि पलीकडच्या बाभळीवर नेऊन आदळली होती. समोरचा पत्रा चेपलेला, छप्पर कुजलेलं, एक चाक कायमचं वाकडं, आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बाबांनी इंजिन दुरुस्त केल्याबद्दल तेवढीच मागितली. दौलतसिंग चांगला माणूस, पण त्यांनाही हसू आवरेना. म्हणाले, "न्या ना, नानाजी! पन माह्या कोंबड्या कुठं जातीन मंग?"

बैलजोडीने ओढत आणली माय, मोटार! पुढे बैल, मागे मोटार, आणि आत तुझे बाबा स्टेअरिंग धरून असे गंभीर बसलेले की जणू तेच चालवत आहेत. सगळा बाजार दुकानाबाहेर येऊन बघत होता. मी पदर तोंडावर ओढून घरात पळाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिचं एकेक काढायला घेतलं. छप्पर काढलं, दारं काढली, चाकांवरचे मडगार्ड काढले, मागची सीट काढली. मला वाटलं, आता मोडीतच घालतात. शेवटी नुसता लोखंडी सांगाडा राहिला. मग त्यांनी माझ्याकडून सुतळी मागून घेतली. सांगाड्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ताणली, गाठ मारली. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांमधे तशीच ताणून पाहिली. गाठ नेमकी कोपऱ्यावर आली. पुन्हा मापलं, पुन्हा तेच. माझ्याकडे वळून म्हणाले, "विजाची माय, पत्रा वाकला. हाडं सरळ हायेत इची." आणि विजा, त्यांचा आवाज भरून आला होता. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं कशापुढे हरखलेलं पाहिलं नव्हतं. मी ओरडायला आले होते, ती मुकाट्याने चहा टाकायला गेले.

हे असलं उघडंवाघडं वाहन करायचं डोकं हेमसिंगचं. लढाईत तो बर्म्याच्या बाजूला मिलिटरीचे ट्रक चालवायचा, तिथे त्याची अमेरिकन सोल्जरांशी ओळख झाली. ते त्याला सांगायचे, आमच्याकडची पोरं जुनीपुराणी मोटार घेतात, वजन असेल ते सगळं उतरवतात, मोठं इंजिन बसवतात आणि वाऱ्याच्या पुढे पळवतात. हेमसिंगने मिलिटरीच्या मोडीतून ट्रकचं इंजिन मिळवलं. आठ सिलिंडरचं, चार इकडे, चार तिकडे. आणलं तेव्हा गंजलेलं, चिखलाने माखलेलं. माझ्या चांगल्या गोधडीवर ते उघडून ठेवलं. गोधडी गेली ती गेली.

पण ते आतून पाहिलं तेव्हा मी गोधडी विसरले. बाबांनी मला जवळ बोलावून हाताने फिरवून दाखवलं. एक दट्ट्या वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो, तिसरा थांबलेला, चौथा निघालेला. आठ जण एका घरात इतक्या वेगाने धावतात आणि कोणी कोणाच्या आडवं येत नाही. कुठल्या तरी परमुलखातल्या माणसाने हे डोक्यात आणलं, कागदावर काढलं, लोखंडात ओतलं, आणि ते माझ्या अंगणात येऊन पडलं. माझे हात आपोआप जोडले गेले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मलेही तसंच वाटते."

चार महिने दोघे त्याला भिडलेले. इंजिन मोठं, जागा लहान. सांगाड्याची पुढची पट्टी कापून जिनाच्या भट्टीवर नवी घडवली. हेमसिंगला घाई होती इंजिन पळवायची. बाबांनी आधी ब्रेक केले, चारही चाकांचे. मोटार चालूही होत नव्हती तेव्हा तिला उतारावर ढकलून ब्रेक लावून बघायचे. मी विचारलं, हे कायले? तर म्हणाले, "पोरीले बसवाचं हाये तिच्यात." पोळ्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा इंजिन सुरू झालं. बाई गं, तो आवाज! शेजारची जमनाबाई पिठाच्या हातांनी धावत आली, निंबावरच्या सगळ्या चिमण्या उडाल्या, आणि माझ्या पायाखालची जमीन थरथरत होती. मी रडले. का रडले ते मला सांगता येणार नाही. भीती नव्हती. एवढं मोठं काहीतरी जिवंत झालं आणि ते आपल्या माणसाच्या हातून झालं, म्हणून असेल.

आणि नंतर आठ दिवस नुसता छळ. मोटार जोरात निघायची आणि दर्ग्यापर्यंत जाऊन खोकून बंद पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू, पुन्हा बंद. हेमसिंग म्हणे ठिणगीत खोट आहे, बाबा म्हणत पंपात. दोघे एकमेकांशी बोलेनात. बाबांनी तर जेवणही सोडलं. एकदा म्हणाले, "माह्यानं होत नाही वाटते." त्यांना मोटारीचं दुःख नव्हतं, तुझं होतं. मी अंगणात जाऊन बसले. कार्बोरेटरचे भाग पितळी थाळीत काढून ठेवले होते. एक बारीक भोकाची पितळेची टोपी उचलून उन्हाकडे धरली, तर भोकात केसासारखं काही. सुईने काढलं. बोटावर घेतलं आणि मला हसूच फुटलं. अगं, कापूस! आपल्या कापसाचा धागा. तो मला अंधारातही ओळखू येईल.

झालं होतं काय, तर हे जिनातले लोक. तिथे जे पुसायचं ते रुईने, सरकी काढलेल्या कापसाने, जे गाळायचं तेही रुईने. जिनाच्या इंजिनाचं तेल वीस वर्षं रुईच्या बोळ्यातून गाळत आले, तसंच इथे नरसाळ्यात रुईचा बोळा कोंबून पेट्रोल गाळत होते. त्या जाड्याभरड्या इंजिनाला चालतं, हिच्या बारीक नळीत तंतू अडकतात. दोन मोठे कारागीर, एक लढाईवरून आलेला, आणि कोणाच्या लक्षात येईना! मी त्यांच्या हातातून नरसाळं ओढलं, माझ्या घट्ट विणीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चार पदरी करून बांधला. तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही. हेमसिंग आता मला 'उस्ताद' म्हणतो, मेला.

मग पावसाळा सरून कापूस फुटल्यावर बाबांनी मला बसवलं. मी नाही नाही म्हणत होते. छप्पर नाही, दार नाही, दोन माणसांची उघडी सीट आणि पुढे ते धडधडणारं. शेलूबाजारच्या रस्त्याला लागलो आणि त्यांनी पाय दाबला. विजा, मला ते सांगताच येत नाही. वावरं वाहायला लागली. पऱ्हाटी, तूर, पुन्हा पऱ्हाटी, सगळं पांढरं-हिरवं एक झालं. माझा अंबाडा सुटला, डोळ्यांतून पाणी, तोंडात धूळ, आणि मी ओरडत होते, अजून जोरात! या वयात, चारचौघांच्या रस्त्यावर! शेलूबाजार आलं तेव्हा तोंडातलं पान संपलं नव्हतं. ज्या वाटेवर आपण गाडीत झोपा काढत जायचो ती वाट इतकी लहान होती, हे मला आजवर कळलं नव्हतं.

मागल्या महिन्यात एका रविवारी ते एकटे तुमच्या गावाच्या अलीकडच्या नाल्यापर्यंत जाऊन आले. उजाडताना निघाले आणि मी दुपारच्या भाकरी थापत होते तेव्हा दारात उभे. अंगभर धूळ, फक्त दात पांढरे. तुझ्या सासऱ्यांना रीतसर कार्ड टाकलं, तुमच्या अटीप्रमाणे बारा तारखेला, गुरुवारी येतो, दिवेलागणीच्या आत आणून सोडतो, माझा शब्द. उत्तर आलं, या. दुसरं काय लिहितील? गावासमोर बोलून बसले आहेत.

आता हे पत्र का लिहिलं ते. नुसतं तयार राहा म्हणायचं असतं तर कार्डात भागलं असतं. मागल्या पंधरवड्यात सोनीबाई माझ्याकडे आली आणि तिने सांगितलं. कापूस वेचताना तुझ्या चोळीची बाही वर सरकली, ते तिने पाहिलं. तिने विचारलं तर तू म्हणालीस, भाकर करताना भाजलं. भाकर करताना दंडावर भाजत नाही, विजा, आणि ओळीने तीनदा तर नाहीच. मी जन्मभर भाकरीच केल्या आहेत. दर पत्रात 'मी सुखात आहे' असं लिहितेस, ते कोणाला ऐकवायला लिहितेस हे मला आधीच कळायला हवं होतं. नाही कळलं, त्याची मला फार लाज वाटते. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते गुरुवारपर्यंत थांबले नसते, आणि त्या रागात ती मोटार त्यांच्या हातात द्यायला मी धजले नसते. तू गुरुवारी सकाळी बाबा आले की नेसत्या लुगड्यानिशी ये; गाठोडं घेऊ नकोस, ओसरीवर संशय येईल. ये, न्हा, जेव, माझ्याजवळ घटकाभर नीज. आणि दुपार कलली की बाबांसमोर उभी राहून एवढंच म्हण, मला जायचं नाही. दंड दाखवायचा की नाही ते तू ठरव. परत आणून सोडायचा शब्द त्यांनी दिला आहे, आणि त्यांनी आजवर एकही शब्द मोडलेला नाही. पण मी कुठे शब्द दिला? मला तर कोणी विचारलंसुद्धा नाही. तुझ्या बाजूने गावातल्या बायका उभ्या राहतील न राहतील, मी आहे. मोटारीत दोघांचीच जागा, म्हणून न्यायला मी येत नाही.

दारात उभी असलेली,
तुझीच आई