बाटलीत न दिसलेलं रक्त

प्रिय दिदी,

तुला तुझ्या धाकट्या कान्छीचा वाकून ढोग. मी बरी आहे. तू पाठवलेलं सुकवलेल्या आंबट पाल्याचं गुन्द्रुक पुरवून खाते. काल मात्र घास उतरला नाही.

डोंगरातल्या जुम्लाहून आलेल्या धनसराचं गर्भाशय आमचे सर्जन सर काढत होते, भूल द्यायचं काम माझं. अडतीस किलोची अशक्त बाई, तिला अर्धा लिटर रक्त जाणंही जड. भिजलेले बोळे तोलून मी म्हटलं, "सर, सहाशे मिली गेलं. रक्त चढवू या."

"शोषलेलं रक्त बाटलीत तर तीनशेच आहे, मैयाँ, पोरी! पाठीवर डोकोभर ओझं वाहणारी पहाडी बाई ही. यांना काय होतंय?"

सगळे हसले. किळस आली मला. परवानगी न घेताच मी रक्त लावलं.

आज उठून बसताच तिने जीव वाचवला म्हणून सरांनाच हात जोडले. त्यांनीही खुशाल आशीर्वाद दिला.

तुझी चक्कर थांबली का? ऑपरेशनचं निघालं तर मला विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नकोस.

तुझीच,
कान्छी