तुमच्या होडीच्या अकरा गिरक्या

आदरणीय दादा,

तुम्हाला आणि तुमच्या डाव्या पायावरच्या प्लास्टरला माझा नमस्कार. खाज सुटत असेल तर विणकामाची सुई आत घालून बघा (डॉक्टरांना सांगू नका). मी ठीक आहे. तुमची बहीण तर जरा जास्तच ठीक आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

आता रविवारच्या शर्यतीचं. जिन्यावरून पडल्या पडल्या तुम्ही पायाआधी होडीची चौकशी केलीत, आणि घरातला एकुलता एक रिकामा पुरुष म्हणून रिमोट माझ्या हातात ठेवलात. चौदा होड्यांतल्या पहिल्या आठ वरच्या गटात राहणार, बाकीच्या खाली, नवशिक्यांत. एकोणीस वर्षं तुम्ही वरच्या गटात आहात, आणि ती जागा माझ्या दोन अंगठ्यांवर सोडून तुम्ही निवांत झोपलात. तुमच्या धाडसाला मानलं पाहिजे.

एक दांडी सुकाणूची, एक शिडाची, पोरखेळ आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. पण होडी आपल्याकडे यायला लागली की तिचं डावं ते आपलं उजवं होतं, हे सांगायचं राहूनच गेलं. मी दोनदा गवतात घुसलो. मग डोकं चालवलं आणि होडीचं तोंड जिकडे, तिकडेच माझं तोंड करून, म्हणजे तलावाकडे पाठ करून उभा राहिलो. डावं-उजवं अगदी बरोबर जमलं, फक्त होडी दिसेना.

पण खरा घोळ झाला तो तुमच्या क्लबाच्या रीतीमुळे. तुमच्याकडे पंच नसतो. कुणाला धक्का लागला किंवा होडी वळणाच्या खुणेसाठी पाण्यात तरंगत ठेवलेल्या बोयाला घासली, तर ज्याची चूक त्यानं आपण होऊन होडीला जागच्या जागी एक गिरकी द्यायची आणि मग पुढे जायचं. फार सभ्य पद्धत आहे, पण बावीस वर्षं तक्रारीच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या हाती ती देऊ नये. समोरून नुसतं ‘अहो’ आलं तरी मी ‘चुकलंच आमचं’ म्हणून मोकळा होतो. सरावाच्या दोन फेऱ्यांत मी अकरा गिरक्या घेतल्या, त्यातल्या माझ्या चुकीच्या फार तर दोन. तुमच्या क्लबातले ते दातांचे डॉक्टर मागून येऊन आपल्यावर आदळले, तेव्हा मी एक घेतली; ते ‘असू दे, असू दे’ म्हणाले म्हणून आभारादाखल आणखी एक. एक तर बदकासाठी घेतली (धक्का लागला की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळेना).

तुमची बहीण तोवर बाकावर बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हूक लावत होती. ह्या होडीला ती आजवर ‘दादाचं खेळणं’ म्हणत आली आहे, हे तुम्ही जाणताच. खरी फेरी सुरू व्हायला पाच मिनिटं असताना ती उठली, होडी पाण्यातून उचलली, शिडाची दोरी सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाली, “कापड कुठे झोळ खातंय ते दिसत नाही का तुम्हाला? द्या इकडे.” मी सेक्रेटरींकडे धावलो. त्यांनी नियमांची वही चाळून सांगितलं की नाव होडीचं नोंदलेलं असतं, हाताचं नाही.

दादा, त्या पंधरा मिनिटांचं वर्णन माझ्याच्यानं होणार नाही. शिवणयंत्रावर काठ मारावा तशी ती होडी सरळ नेत होती. दातांचे डॉक्टर आडवे आले, तेव्हा तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांनीच गिरकी घेतली. आपण सहावे आलो. तुमची जागा शाबूत आहे. मला फार आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. प्लास्टर काढायची मुळीच घाई करू नका. तिनं तुमची दोन्ही शिडं उसवून नव्यानं शिवली आहेत, होडी आता आमच्या जेवणाच्या टेबलावर असते आणि आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवतो. ती परत मागायचं माझ्यात बळ नाही. तेवढं तुम्हीच, लांबून, फोनवर जमवा.

आणखी ता. क. मनात ठेववत नाही म्हणून लिहितो. शेवटच्या बोयाला आपली होडी घासली होती. गिरकी घेतली नाही. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. हे वाचून झाल्यावर पत्र फाडून टाका.

(खालचं अक्षर माझं आहे.) दादा, ह्यांनी पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, आणि वर ह्यांना वाटतं मी वाचणार नाही. होडी घासली हे खरं. दोन रात्री डोळा लागला नाही, म्हणून आज सकाळी सेक्रेटरींना जाऊन सांगून आले. आपली फेरी बाद झाली. तुझी एकोणीस वर्षांची जागा मी घालवली, आणि परत येताना वाटभर रडले. रागाव हवं तेवढं, मी ऐकून घेईन. पण लहानपणी तू मला एकदाही होडी सोडू दिली नाहीस, म्हणून परवा ती हातात आल्यावर गिरकीसाठी थांबायचं सुचलंच नाही मला. खालच्या गटातून वर कसं यायचं हे तुलाही माहीत नसणार, तू कधी खाली आलाच नाहीस. पाय बरा झाला की ये. आपण दोघं मिळून बघू.