शुभांगीच्या कोर्ससाठी भरवलेला हॉल

५ जुलै, सातारा
एका 'हो'ची किंमत आज मांडून बघितली. शुभांगीला फोनवर हो म्हणालो, तिच्या कोर्ससाठी कार्यक्रम करून देतो म्हणून. त्यात रविवार गेला, वाईच्या गिऱ्हाइकाचं दुकान-उद्घाटन हातचं गेलं, आणि मिरजेच्या मुजावरबाईंकडं हक्कानं मागता येईल असं एकच काम शिल्लक होतं, तेही मागून झालं. आता त्यांच्याकडं तोंड उघडायची सोय नाही. आमच्या धंद्याचं भांडवल म्हणजे एवढंच.

शु. पूर्वी आमच्या जाहिरात-प्रसिद्धीच्या ऑफिसात होती. आता सांगलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जनसंपर्क शिकवते. कोर्स नवा, दोन वर्षांचा, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी. पोरं मिळाली नाहीत तर संस्था गुंडाळणार, म्हणजे हिचे तास गेले. म्हणते, "काका, पोरांना वाटतं पीआर म्हणजे पुढाऱ्यामागं मोबाईल घेऊन पळायचं. त्यांना खरी माणसं दाखवायचीत."

म्हटलं, माणसंही आणतो, हॉलही भरतो. रिक्षाला भोंगा बांधून गावोगाव ओरडत वर आलोय. रिकामी सभा माझ्या नावावर नाही.

८ जुलै
तिघं ठरली. मुजावरबाई, हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं काम. सुभेदार जाधव, फौजेतून परतल्यावर साखर कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी. ऊसतोड लांबली की शेतकऱ्यांच्या शिव्या पहिल्या यांनाच. तिसरी जतकडची सुनीता. बाप मेंढरं राखायचा, पोरगी तासगावच्या बेदाणावाल्यांची दुबईची गिऱ्हाइकं सांभाळते.

सुभेदार फोनवर : "आवं, मी काय भाषान करनार? शिव्या कशा खायच्या ते सांगू व्हय पोरांस्नी?"
तेच सांगा म्हटलं.
"मग येतू. त्यात आपला हात कुनी धरायचा न्हाई."

११ जुलै, सांगली
प्राचार्यांनी पाहुण्यांची नावं वाचली, चष्मा काढला. "यात वजनदार कुणी नाही."
संस्थेचे अध्यक्ष हवेत. मग उपाध्यक्ष हवेत, नाहीतर रुसतात. मग संचालक. शु. माझ्याकडं बघत राहिली. मी मान डोलावली. हॉलची किल्ली त्यांच्याकडं, काय करणार.

दुपार पत्रिकेवरच्या नावांच्या क्रमात गेली. ज्यांच्यासाठी कार्यक्रम ती तिघं तळाला, 'आदी मान्यवर'च्या जरा वर. पत्रिका पाठवायची लाज वाटली. पाठवली.

१४ जुलै
कॉलेजच्या जिमखान्याच्या सेक्रेटरीला फोन. ओळखीचा आहे, निवडणुकीत सभा भरायला माझ्याबरोबर असतो. "हॉल भरायचा गड्या." तो म्हणाला, "भरला समजा." प्रश्न मिटला.

१६ जुलै
हॉल खच्चून भरला. पोरं भिंतीला टेकून उभी. शु. डोकी मोजत होती. म्हटलं, बघितलंस?

मग सत्कार. फेटे, शाल, श्रीफळ. अध्यक्षांचा, उपाध्यक्षांचा, प्रत्येक संचालकाचा. मग ज्याच्या हातून सत्कार झाले त्याचाही. सुभेदार फेट्याखालून कानाशी, "सायेब, परेडला बी येवढं ताटकळलो न्हवतो." अध्यक्ष बोलायला उभे राहिले ते त्यांच्या बालपणापासून. मागची दारं वाजायला लागली, पोरं सटकत होती.

मुजावरबाईंना वेळ मिळाला तो उरलासुरला. त्या एवढंच म्हणाल्या, "माणूस गेला हे सांगायला मीच बाहेर येते. आधी त्यांना बसायला सांगते. उभ्या माणसाला असलं सांगायचं नसतं." मागची दारं वाजायची थांबली. आत्ता कुठं कार्यक्रम सुरू झाला असं वाटतंय, तेवढ्यात प्राचार्यांची चिठ्ठी : आटोपते घ्या.

सुभेदारांनी दोन शिव्या गाळून एक किस्सा सांगितला. सुनीताचा नंबर आलाच नाही. जिन्यात भेटली. "काका, नारळ द्यायला जतहून बोलावलं व्हय मला?" हसत म्हणाली. हसली म्हणून जास्त लागलं.

आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो, कार्यक्रम कुणाचा ते आधी ठरवा. आणि आज...

१७ जुलै, सातारा
पेपरात फोटो आला. फेटेच फेटे. कोर्सचं नाव नाही. बातमी माझ्याच ऑफिसातून गेलेली. पेपरवाल्यांनी खालचा, कोर्सचा परिच्छेद कापला. ज्यांचं नाव छापलं नाही तर रागावतील, त्यांना मीच वर ठेवलं होतं.
मुजावरबाईंना फोन करायचा आहे. उद्या करतो.

१९ जुलै
शु.चा फोन. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न चालला होता तिचा. पोरं येऊन विचारतात म्हणे, त्या हॉस्पिटलच्या बाई परत कधी येणार? दोघं तर मिरजेला त्यांना भेटूनही आले.
"मग नावं दिली का त्यांनी?"
"सोमवारी संस्थेची मीटिंग आहे, कोर्सचं ठरणार."
अध्यक्षांना आधी गाठून बोलू का, विचारलं. म्हणाली, "बघा काका." हो नाही, नाही पण नाही.

फोन ठेवता ठेवता कळलं, सेक्रेटरीनं हॉल भरला होता तो सगळा तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी. तिसऱ्या वर्षाला या कोर्सला प्रवेश नाही.