यादीतलं सतरावं नाव

सेंट जॉन नदीकाठ, मेन
१२ नोव्हेंबर

प्रिय लिझेट,

फोनवर हे माझ्याच्याने बोलवत नाही, म्हणून लिहितो. मागच्या हिवाळ्यात तू दर रविवारी विचारायचीस, "बाबा, टाकीत तेल आहे ना?" आणि मी ठोकून द्यायचो, "काठोकाठ." खोटं होतं ते. घर तापवायच्या तेलाची ती टाकी डिसेंबरातच आटली होती. गुडघा गेल्यापासून लाकूड फोडणं सुटलं आणि तेल पेन्शनीत बसेना. एक छोटा विजेचा हिटर लावून, अंगात कोट घालून मी स्वयंपाकघरात बसायचो. तुला कळलं असतं तर तू मला बॉस्टनला नेलं असतंस आणि आईचं हे घर विकलं असतं, ही धास्ती होती.

शेजारच्या फिलोमेनला मात्र फसवता आलं नाही. आसपासच्या छपरांवरचा बर्फ घरातल्या उबेने वितळत होता, माझ्या छपरावर हातभर थर तसाच. फेब्रुवारीत दार ठोठावून म्हणाली, "रोझेर, आत माणूस राहतो की मासे ठेवलेत?" मग तिने चर्चच्या लाकूड बँकेचं नाव काढलं. ते लोक गरजू घरांना सरपण फुकट पोचवतात. मी उखडलो. चाळीस वर्षं जंगलात झाडं पाडलेला माणूस दुसऱ्याचं सरपण घेणार? तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, मोडेन पण वाकणार नाही. ती म्हणाली, "नको घेऊस. पण त्यांना लाकूड रचता येत नाही, निदान येऊन चार शिव्या तरी घाल."

गेलो आणि कपाळावर हात मारला. बर्च झाडाचे ताजे, ओले ओंडके थेट जमिनीवर रचून वर ताडपत्री गच्च गुंडाळलेली. असलं लाकूड जाळलं की धुराड्यात काजळीचं डांबर साचतं आणि एक दिवस घर पेटतं. रचणारे कोण, तर निवृत्त मास्तर, दोन नर्सबाई आणि स्वतः पाद्रीबुवा. सगळ्यांदेखत झापलं त्यांना. पाद्रीबुवा शांतपणे म्हणाले, "मग उद्यापासून तुम्ही सांगा, आम्ही उचलतो." झालं. उन्हाळाभर मी खुर्चीत बसून हुकूम सोडले. साठ घरांचं सरपण खडखडीत वाळवलं, पोरी. इतका रुबाब मी मुकादम असतानाही केला नव्हता.

ऑक्टोबरात गाडी भरली आणि घरांची यादी माझ्या हातात आली. सतरावं नाव माझंच. फिलोमेनने पेन्सिल पुढे केली. "खोडायचं तर खोड. पण मग वरची सोळाही खोड. मान काय तुला एकट्यालाच आहे?" त्या सोळांत दोघे माझ्याबरोबर जंगलात राबलेले होते. मी पेन्सिल तिला परत दिली.

आता शेगडी अशी धगधगते की बाह्या वर सारून धिरडी भाजतो. काल फिलोमेन म्हणाली, "खिडकी उघड रे, उकडतंय." तीनदा म्हणायला लावलं तिला, इतकं बरं वाटलं ऐकून.

आता खरी गोष्ट. गेल्या ख्रिसमसला तू दीड महिन्याच्या बाळाला घेऊन निघाली होतीस आणि मी म्हणालो, रस्त्यावर बर्फ आहे, येऊ नकोस. रस्ता कोरडा होता, लिझेट. त्या गारठ्यात तिला कुठे ठेवणार होतो? माझी नात मी अजून फोटोतच पाहतोय. या ख्रिसमसला तिला घेऊन ये. नुसत्या झबल्यावर घरभर फिरू दे.

तुझाच,
बाबा