पैजेच्या दुकानाचे पुष्पचक्र

डॉनकास्टर, १४ नोव्हेंबर

प्रिय डेरेक भावोजी,

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. मी बरी आहे. हे जाऊन सहा आठवडे झाले. चहा अजून दोन कपांचा होतो, एवढेच.

अंत्यविधीला सर्वांत मोठे पुष्पचक्र कुणाचे, असे तुम्ही विचारले होते. (घोड्याच्या नालाच्या आकाराचे.) ते नाक्यावरच्या पैजेच्या दुकानाचे, जिथे हे घोड्यांवर पैसे लावत. तिथले व्यवस्थापक प्लॅट इतके रडले की पाद्रीबाईंनी त्यांना जवळचे नातेवाईक समजून पुढच्या बाकावर बसवले. मला बरे वाटले. तीस वर्षे हे मला सांगत असत, "मला पाहिलं की त्या दुकानाला घाम फुटतो!" घाम फुटलेले लोक दर नाताळला हॅमची पेटी का पाठवतात, हे मी कधी विचारले नाही. (जेवताना घोड्यांचा विषय काढायचा नाही, हा माझाच नियम.)

मी ह्यांचे खाते बंद करायला गेले. प्लॅटनी खुर्ची दिली, बिस्किटे दिली आणि सांत्वन म्हणून माझ्या नावाने खाते उघडून वीस पौंडांची फुकट पैज दिली. नको म्हणणे उद्धट दिसले असते. चार दिवस माझे कपडे वाळले नव्हते, म्हणजे शर्यतीच्या मैदानात चिखल असणार. म्हणून ताटलीएवढ्या खुरांची एक घोडी निवडली. भाव एकास चौदा. ती पहिली आली. पुढचे दोन शनिवारही कपडे ओलेच राहिले. दुसऱ्या शनिवारी बिस्किटे नव्हती, तिसऱ्या शनिवारी खुर्ची नव्हती.

काल प्लॅट म्हणाले, "मॅव्हिसबाई, वरून फोन आला. तुम्हाला यापुढे चाळीस पेन्सच्या वर लावता येणार नाही."

"माझं काही चुकलं का?"

"जिंकलात ना."

"मग ह्यांना कसं कधी अडवलं नाही?"

प्लॅटनी डोळे पुसले. "सिरिल? अहो, त्यांना अडवायची वेळच आली नाही हो. एकदाही नाही."

घरी येऊन ह्यांचा फोटो तासभर भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग सरळ केला. तीस वर्षे जेवताना गप्प बसणे ह्यांना किती जड गेले असेल.

तुमची वहिनी,
मॅव्हिस

ता. क. थडग्याच्या दगडावर 'जिंकणारा माणूस' असे कोरायची ह्यांची इच्छा होती. बँकेत पाहिले, तर काही नाही. माझ्या घोड्यांतून निम्मा दगड झाला आहे.

ता. क. २ : हॅमची पेटी तुम्हालाही येते ना? मग तुमच्या खात्याला मर्यादा नसणार. शनिवारी तुमच्या गावच्या शाखेत माझ्यासाठी पैज लावाल का? घोडा मी कळवीन.

ता. क. ३ : अधूनमधून तुमच्या मनानेही एखादी लावत जा. म्हणजे त्यांना संशय येणार नाही.